तांब्या ज्याच्या हातात

शेषराव आमच्या शेजारचे, कापसाच्या सहकारी जिनिंगचे मॅनेजर. दोन माणसं एकाच वेळी बोललेली त्यांना घरातही खपत नसत. त्यांच्या पुष्पाबाई भाजी काय करू हे विचारायलासुद्धा पाळी बघत. नवं राज्य झालं त्या वर्षी ते पिंपळगाव राजाला आले, तेव्हा कचेरीतली सोमवारची बैठक म्हणजे नुसता बाजार होता. त्यांनी मध्ये एक पितळी तांब्या ठेवला. तांब्या ज्याच्या हातात त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं, बोलून झालं की पुढच्याला द्यायचा. बैठक चहा निवायच्या आत उरकू लागली. साहेबांची कोण वाहवा झाली.

फिटर मोतीराम दर सोमवारी तेच सांगे: मशीनच्या पट्ट्याला जाळी बसवा, धोतर ओढलं जातं. मग तांब्या पुढे देई. पुढचा आपलं बोले.

पौषात मोतीराम पट्ट्यात सापडून गेला. मशीन बंद झालं, शेडला कुलूप लागलं. पण पुढच्या बैठकीत तांब्या त्याच्या रिकाम्या जागेशी येताच शेजारच्यानं सवयीनं तो तिथंच टेकवला. तो कोणाला उचलवेना. तेवढ्यात बंद शेडमधून पट्ट्याची फट फट ऐकू आली. ती थांबल्यावरच पुढच्यानं तांब्या घेतला. मग दर सोमवारी तसंच. एकजण म्हणाला, उंदीर झालेत. कोणी हसलं नाही.

नव्या हंगामाला त्या मशीनवर मोतीरामचा मेहुणा रंगराव जाणार, असं ठरलं. ते कळताच मोतीरामची बायको सोजराबाई बैठकीत येऊन नवऱ्याच्या जागी बसली. तांब्या आला. तिनं तो मांडीत धरला. बोलेना, पुढेही देईना. नियमानं कोणाला तोंड उघडता येईना. शेडमध्ये फट फट सुरू झाली, आणि या खेपेला थांबेना.

शेवटी शेषरावच म्हणाले, "बोला, सोजराबाई."

"आमचे हे बोलूनच गेले, साहेब. जबाब तुमचा राह्यला. माह्या भावाले पट्ट्यापाशी कवा धाडता? जाळीच्या पह्यले का मंग?"

"जाळीनंतरच. लोहाराला सांगायला लावतो."

"कोणाले लावता?"

शेषराव उठले. "मीच जातो. आत्ता."

तिनं तांब्या पुढे दिला. शेड गप्प झाली.

तेव्हापासून काम कोण करणार हे ठरल्याशिवाय शेषराव तांब्या हलू देत नसत. बैठका लांबल्या.

जाळी बसवायला रंगरावनंच शेड उघडली. मशीनवर बोटभर धूळ होती. त्यानं पट्ट्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. पट्टा गरम होता. त्यानं सोबत आलेल्या बहिणीकडे पाहिलं.

"होईल थंडा," सोजराबाई म्हणाली. "तू जाळी लाव."