राहिलेली कानपिळणी

गेल्या वर्षी आमच्या गंगापूर रोडच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने नाटक बसवलं. चारशे वर्षांपूर्वीचं, युरोपातलं, हसतखेळत लग्नापाशी संपणारं. रूपांतर माझं, दिग्दर्शनही माझंच. बापाने श्रीमंत म्हाताऱ्याशी ठरवलेलं लग्न टाळायला नायिका पुरुषाचे कपडे चढवते, स्वतःला नसलेला भाऊ बनते आणि एका सरदाराकडे कारकुनी धरते. त्या काळी तिकडे बायकांना रंगमंचावर मज्जाव. म्हणून पोरगा नायिका व्हायचा आणि ती नायिका पुन्हा पोरगा. आमची अडचण उलटी होती. पुरुष सगळे सूचना करायला तयार, काम करायला एकही नाही. शेवटी सरदार झाल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. मिशी त्यांना इतकी आवडली की चहा पितानाही काढेनात.

अडलं ते शेवटाशी. मूळ नाटकात लग्नांची रांगच लागते. सरदाराचं नायिकेशी, नोकराचं मोलकरणीशी, ज्याचं त्याच्या पायरीने. नायिका आत जाऊन बायकी कपडे घालून येते आणि पडदा. तालमीत ते फिकं पडत होतं. घरी जेवताना बायको म्हणाली, "लग्न आहे ना? मग नवरदेवाचा कान कोण पिळणार?"

"अगं, नाटक युरोपातलं आहे."

"बघणारे नाशिकचे आहेत. तिला भाऊ नाही, तीच भाऊ झालीय. पिळू दे तिलाच."

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो. आमच्या नायिकेने पुरुषवेषातच सरदाराचा कान पिळला आणि लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. शेवट कसा सुचला, असं जो तो विचारत होता. "वाचनातून," मी म्हणालो.

"वाचनातून?" रिक्षात बायकोने एवढंच विचारलं.

तो शेवट आमच्या लग्नातला होता. बायकोचं माहेर शहराबाहेर, झेंडूच्या मळ्यात. माझे वडील कचेरीत साहेब. तिला भाऊ नव्हता, म्हणून धाकटी बहीण वडिलांची टोपी घालून पुढे आली. तिचा हात माझ्या कानाला लागला होता. मागून आत्या म्हणाली, "मळ्यातली रीत दिसतेय ही." मी तो हात बाजूला सारला. "हे पोरींचं काम नाही," म्हणालो. माणसं हसली. ती टोपी काढून मागे जाऊन बसली.

पुढे हा किस्सा मी सगळीकडे असा सांगितला, की मेहुणी ऐनवेळी घाबरली आणि पळाली. तिच्यासमोरही सांगितला. तिच्या मुलांना तो तोंडपाठ आहे. ती घाबरली नव्हती.

दुसरा प्रयोग दिंडोरीला झाला. मेहुणी तिथेच दिलेली आहे. द्राक्षांची छाटणी असो की फवारणी, बागेचा कारभार तिच्याच हातात. मुलासुनांसकट पुढच्या रांगेत बसली होती. कानपिळणी आली तेव्हा सगळे हसले. ती एकटी मान वाकडी करून बघत राहिली. प्रयोगानंतर मला शाल-श्रीफळ द्यायला बोलावलं. मी बायकोला वर बोलावलं, शाल तिच्या खांद्यावर घातली आणि माइकवरून सगळं सांगितलं. टोपी, हात, आत्याचं बोलणं आणि माझंही.

खालून तिचा थोरला म्हणाला, "आई, तू पळाली नव्हतीस?"

"मी कशाला पळू? माझ्या मागं काय वाघ लागला होता?" असं म्हणत ती उठली, पायऱ्या चढून वर आली आणि नायिकेच्या डोक्यावरची टोपी मागून घेतली. पदराखालच्या अंबाड्यावर ती काही नीट बसेना.

"दाजी, मशीन काढा कानातलं. मोडलं तर म्हणाल, मळेवाल्यांनी मोडलं."

मी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं. तिने कान धरला. नाटकातला नव्हे, खरा पिळला; डोळ्यांत पाणी आलं. मग कानाशी तोंड आणून ती बराच वेळ काहीतरी बजावत राहिली. यंत्राशिवाय त्या कानाला काहीही कळत नाही. शेजारी उभी असलेली बायको मात्र हसून हसून शालीलाच डोळे पुसत होती. समोरची माणसंही हसत होती, यावेळी माझ्याकडे बघून.

परतताना गाडीत मी विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

"ते आमच्या भावाबहिणीतलं आहे," बायको म्हणाली.