जहाजावर उतरलेले बटेर

आमचे हे, म्हणजे गोविंदा, जहाजावर कुक आहेत. सक्करदऱ्यातल्या कोष्ट्याच्या घरचे. हातमाग बंद पडले तसे मामाच्या सावजी भोजनालयात मसाला वाटाले लागले, अन् तिथून कोर्स करून थेट समुद्रावर. माणूस घुम्या. दहा गोष्टी विचारा, तवा एक सांगन.

मागच्या खेपेले त्याइनं मले एक व्हिडिओ पाठवला. इजिप्तच्या अलीकडच्या समुद्रात दूरदेशी निघालेले बटेर पक्षी थकून जहाजावर उतरले होते. दोरांच्या वेटोळ्यात, पायऱ्यांवर, जिथं जागा भेटली तिथं चोच उघडी टाकून बसलेले. अन् हे ताटल्यांत पाणी ठेवून राहिले होते. एक तर यांच्या तळहातातलंच प्याला. माझे डोळेच भरून आले बाप्पा. साऱ्या मोहल्ल्याले दाखवला मी तो. आमच्या अपेक्षानं, सहावीत आहे ती, शाळेत मॅडमले दाखवला. मॅडम म्हणाल्या, पप्पा सुट्टीवर आले की वर्गात घेऊन ये.

हे आले, पण शाळेचं नाव काढलं की उठून जायचे. कधी सिलिंडर आणायचा, कधी डोकं दुखते. माझं टाळकं सटकलं. पोरगी साऱ्या वर्गाले सांगून बसली अन् तुम्ही काय नव्या नवरीवानी लाजता, म्हटलं. इस्त्रीचा शर्ट घालाले लावला अन् ओढतच नेलं.

वर्गात हे मान खाली घालून उभे. मी मागच्या बाकावर ऐटीत बसली होती. व्हिडिओ झाला, टाळ्या झाल्या. मग अपेक्षानंच हात वर केला.

"पप्पा, पाणी पिऊन ते कुठं गेले?"

त्याइनं मान वर केली. मग म्हणाले, "कुठीच नाही गेले बेटा. सावजी रस्सा केला मी त्याइचा. कॅप्टनले खायचा होता."

"मग पाणी काहून पाजलं?"

"हाताशी यावं म्हणून."

जमीन फाटली असती तर बरं झालं असतं. मॅडमनं घाईघाईनं आभार मानले. कोणाच्या तोंडाकडं पाहाची माझी हिंमत नाही झाली.

बाहेर आल्यावर मी पोरीचा हात धरला अन् तरातरा पुढं निघाली. हे मागून मुकाट्यानं येऊन राहिले होते. मले राहवलं नाही. वळून म्हटलं, "चारचौघांत नाक कापलं आमचं. उडून गेले म्हटलं असतं तर काय बिघडत होतं तुमचं?"

हे एवढंच म्हणाले, "पोरीनं विचारलं होतं."

अपेक्षा रडूनच राहिली होती. तिनं माझा हात सोडवून घेतला, मागं गेली अन् बापाचं बोट धरलं. त्याइच्याकडं पाहिलं नाही तिनं, पण बोट धरलं.

रस्त्यात आमच्याकडं कोणी पाहूनही राहिलं नव्हतं, तरी माझ्याच बोलण्याची मले वर्गापेक्षा जास्त लाज तिथं वाटली.