शिंप्याची साक्ष

कोर्टात त्या न्यायाधीशांना सगळे ‘टकमकसाहेब’ म्हणत, अर्थात पाठीमागे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की साहेब पेन खाली ठेवत, वाचायचा चष्मा काढत आणि त्या माणसाकडे टक लावून बघत बसत. स्टेनोला सांगायचं ते सांगत, पण नजर हलवत नसत. “आपण कागद वाचतो, साहेब माणसं वाचतात,” असं म्हणून वकीलमंडळी एकमेकांना टाळ्या देत.

नोकरीची सगळी वर्षं बदल्यांत गेली. एका गावात जीव रुळला की हुकूम यायचाच. “भांडी खोक्यातच राहू द्या, पुन्हा भरायचा त्रास नको,” असं बायको म्हणे. धाकटी मुलगी नव्या शाळेत जाताना दर वेळी विचारायची, “बाबा, इथे मैत्रीण करू, की नको?”

निकाल मात्र ते जीव ओतून लिहीत. साक्षीदार कुठे अडखळला, कुठे त्याला घाम फुटला, हे सगळं निकालात यायचं. त्याआधी कुठेही नाही, हा त्यांचा नेम होता. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल जबानीच्या कागदावरच शेरा लिहायची मुभा कायद्याने न्यायाधीशाला असते. साहेबांनी ती कधी वापरली नाही. शेरा लिहिला की निकाल काय लागणार ते आधीच फुटतं आणि व्हरांड्यात कुजबुज सुरू होते, असं त्यांचं म्हणणं.

नोकरीच्या उतरत्या काळात त्यांच्यापुढे इस्त्रीवाल्याचा खटला आला. लाँड्रीच्या दुकानाच्या मालकाचा खून झाला होता आणि आरोप होता तिथेच काम करणाऱ्या इस्त्रीवाल्यावर. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार एकच, समोरच्या दुकानातला शिंपी.

“मी खिडकीतून पाहिलं. यानेच मालकाच्या डोक्यात घाव घातला,” शिंपी म्हणाला. कागदावर उतरलं ते एवढंच. साहेबांनी पाहिलं ते निराळं होतं. प्रत्येक उत्तराआधी शिंप्याची नजर मागच्या बाकावर जात होती. तिथे मेलेल्या मालकाचा भाऊ बसला होता. भावाने मान किंचित हलवली की शिंप्याला सगळं आठवायचं. “खिडकीला गज होते का?” असं आरोपीच्या वकिलांनी विचारलं, तेव्हा भाऊ नेमका नाक शिंकरत होता. शिंपी नुसता उभा राहिला. भावाचा रुमाल खाली आला, मान हलली, मग उत्तर आलं, “होते.”

वकील पुढचा प्रश्न शोधत होते, सरकारी वकील जांभई दाबत होते. हे सगळं पाहिलं एकट्या साहेबांनी. हा माणूस पढवलेला आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. निकालात सविस्तर लिहू, असं त्यांनी ठरवलं.

युक्तिवादाच्या दिवशी आरोपीचे वकील सुजलेला गाल धरून उभे राहिले. “साहेब, दाढेने जीव घेतलाय. आठवडाभराची तारीख द्या.”

“तुमच्या तोंडून शब्द फुटेना, युक्तिवाद कसला करणार? जा, आधी दाढ काढून या,” साहेब म्हणाले. कोर्ट हसलं. आरोपीच्या पिंजऱ्यात इस्त्रीवालाही हसला.

त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला.

साहेबांनी वरिष्ठांना फोन केला. “सर, एकच खटला. निकाल देऊन लगेच निघतो.”

“अहो, तुम्ही गेलात म्हणून कोर्टाला कुलूप लागणार आहे का? नवे येताहेत, तेही परीक्षा देऊनच आलेत.”

नवे न्यायाधीश तरुण आणि हुशार होते. कार्यभार देताना चहा झाला. साहेब म्हणाले, “त्या इस्त्रीवाल्याच्या खटल्यात शिंप्याला पुन्हा बोलावता आलं तर बघा.”

“का सर? जबानीत काही राहिलंय?”

“जबानीत नाही.”

“मग?”

साहेबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आपल्यापुढच्या खटल्याबद्दल आजवर त्यांनी कुणाला कानाशी लागू दिलं नव्हतं. आता स्वतःच दुसऱ्याच्या कानाशी कसं लागायचं? “काही नाही. नीट बघा,” एवढंच ते म्हणाले.

“मी सगळंच नीट बघतो, सर,” तरुण न्यायाधीश जरा लागल्यासारखं हसले.

त्यांनी खरंच नीट बघितलं. सगळे कागद बघितले. जबानीत कुठे खोट नव्हती. इस्त्रीवाल्याला जन्मठेप झाली.

जुन्या स्टेनोने फोनवर ही बातमी दिली. त्या दिवशी साहेब पानावरून उठले. बायको म्हणाली, “अहो, शिक्षा तुम्ही कुठे दिलीत?”

“मी काहीच दिलं नाही, तेच तर म्हणतोय.”

अपील वर्षानुवर्षं पडून राहिलं. तोवर साहेब निवृत्त झाले. वरच्या न्यायालयाला आपणच पत्र लिहावं, असं कितीदा तरी मनात आलं. पण निवृत्त न्यायाधीशाच्या आठवणीला कुणी पुरावा म्हणत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? शेवटी एका दुपारी स्टेनोने अपिलाचा निकाल फोनवर वाचून दाखवला. साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहण्याची संधी खालच्या न्यायालयाला मिळाली होती, त्या न्यायालयाने त्याच्यावर विश्वास ठेवला, तेव्हा आम्ही त्यात हात घालणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. अपील फेटाळलं गेलं.

साहेब हसायला लागले. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “काय झालं? कुणाचा विनोद?”

“शिक्षा देणाऱ्याने त्या शिंप्याला जन्मात पाहिलं नव्हतं गं,” ते म्हणाले आणि त्यांचं हसणं थांबलं.

ती शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “तुरुंगात जाऊन एकदा भेटा त्याला. आपण निर्दोष आहोत हे कुणाला तरी पटलं होतं, एवढं तरी कळू दे बिचाऱ्याला.”

“कुणाला पटलं होतं? न्यायाधीशाला! आज त्याला वाटतं, खरं काय ते कुणालाच कळलं नाही. तेवढ्यावर तो दिवस काढतोय. कळलं होतं, हे मी त्याला जाऊन सांगू?”

फोन पुन्हा वाजला. मुलीचाच असणार, ती याच वेळेला करायची. वाजून वाजून तो थांबला, तरी दोघांपैकी कुणीच उठलं नाही.