भुजंगमामांचा एसी

पेडगावात कुणाच्या घरातले दिवे गेले, की लोक आधी दैवशालेला हाक मारतात आणि मग मेणबत्ती शोधतात. आयटीआयमधून वायरमन होऊन आलेली गावातली ही पहिली बाई. पायात रबरी बूट आणि जीभ अशी, की करंटही बिचकावा.

मे महिन्यात तिला कासाबाईचा फोन आला. "एसी बसवलाय, पर आमी घामातच हाव. येऊन बघ बाई."

कासाबाईचे मालक भुजंगमामा. मेंढरं राखण्यात त्यांचा जन्म गेलेला. दीड टनाचा एसी जावयाने दिला होता आणि मामांनी तो फ्रिजच्याच एक्स्टेन्शन बोर्डात खुपसला होता. घरातला एकुलता एक टेबलफॅन जमिनीवर ठेवून बोर्डाकडे तोंड करून लावला होता.

"मामा, हे काय?"

"बोर्ड लय तापायलाय. त्याला वारा घालायलोय."

"पाच मिनटं एसी, मग पंधरा मिनटं बोर्डाला आराम," कासाबाई कुरकुरली. "माणसाला फॅन न्हाई, बोर्डाला हाय!"

दैवशालेने धावत जाऊन मेन स्विच पाडला. प्लग वितळून वाकडा झाला होता.

"सहा अँपिअरच्या बोर्डावर फ्रिज आन् एसी? शेळीच्या पाठीवर बैल बसवलाव तुमी!"

"शेळी मेली असती?" मामांनी काळजीने विचारलं.

"घर पेटलं असतं!"

दुसऱ्या दिवशी तिने मीटरपासून एसीसाठी जाड तांब्याची वेगळी वायर ओढली, तिला भार वाढला की आपोआप पडणारा वीस अँपिअरचा एमसीबी लावला. अर्थिंगची तार पुरायला मागे खड्डा खणला, तिच्याभोवती भरायचा मीठ-कोळसा काठावर ठेवला आणि ती चहाला आत गेली. बाहेर येऊन बघते, तर मेंढरांनी मिठाचा फडशा पाडलेला. सगळ्यांची तोंडं कोळशाने काळी.

"दुसरं मीठ आणा, मामा."

"कशाला? मीठ ह्यांच्या पोटात हायच की. एखाद्या मेंढराला तार बांध."

दैवशालेने मिठाची रिकामी पिशवी मामांच्या हातात कोंबली. मामा मुकाट्याने दुकानाकडे निघाले. मेंढरांनी तोवर पाण्याचं टाकं तळाला नेलं.

संध्याकाळी एसी सुरू झाला. मामांनी नव्या प्लगवर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गारच हाय की! चालू हाय न्हवं?"

थोड्या वेळाने ते घोंगडी पांघरून कोपऱ्यात कुडकुडत होते. रिमोट कासाबाईच्या ताब्यात होता आणि ती काही केल्या अठराच्या वर जायला तयार नव्हती.