हरला तो उठला

दौंडला स्टेशनजवळ एक बाई गेम पार्लर चालवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. लहानपणी माझा मुलगा तिथं रमायचा, त्याला आणायला मी जायचो. दोन टीव्ही, दोन कन्सोल आणि एकच नियम: हरला तो उठला, मागचा बसला. ओढणीच्या टोकानं डिस्क पुसत ती म्हणायची, "ऊठ राजा, मागं नंबर लागल्यात."

ही बाई पोरं बिघडवते, असं मी गावभर सांगितलं. ते खरं नव्हतं.

गेल्या वर्षी ती दुकान आवरताना दिसली. म्हणाली, "मामा, आता गेम नेटवरून येत्यात. कन्सोलचा डबा नको, डिस्क नको. पोरं घरीच खेळत्यात. पर तिथं हरल्यावर उठवणार कोण?"

काल माझा मुलगा घरी टीव्हीवर तसाच नेटवरचा गेम खेळत होता. आता तो तिशीचा आहे. हरला की पुन्हा बटण दाबायचा.

मी म्हणालो, "हरलास. ऊठ आता."

"उठतो की आप्पा. पण बसणार कोण?"

मी त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो, तिच्याकडं पोरं नंबर लावून उभी राहायची तसा.