भागीरथीच्या नावावरची सुई

भागीरथी सकाळभर नौपाड्यात एका सोसायटीच्या फाटकाशी बोय मासळी कापत बसली होती, आणि तेवढ्या वेळात तिला लस टोचून झाली. निदान मोबाइलवरचा मेसेज तरी तसं म्हणत होता.

दुपारी पाटी रिकामी करून ती बाळकुमच्या पाड्यात घरी आली, तर नवरा गुणाजी ओटीवर मोबाइल नाकाला लावून बसलेला.

"अगो, तुजा अभिनंदन करतान," तो म्हणाला. "पयला डोस झायला बोलतान."

"कनाचा डोस?"

"लशीचा. तुजा नाव हाय, वय हाय, सगला हाय."

भागीरथीने उगाच दोन्ही दंड चाचपून बघितले. आता सांगा! माणूस उपाशी आणि गावभर बोभाटा की हा पोटभर जेवला. राग कुणावर काढायचा हे कळेना, म्हणून तिने पाटी मोरीत आपटली.

ते एकवीस सालचे एप्रिलचे दिवस. दुसरी लाट आली होती. पाड्याच्या चहूबाजूंनी उभ्या राहिलेल्या टॉवरांत रोज रुग्णवाहिका शिरत होत्या, आणि टॉवरातले लोक लशीसाठी मोबाइलवर रात्री जागवत होते. पाड्यात मात्र सगळं उलटं. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, लस घ्यायला गेलं की उचलून नेतात, काय काय उठलं होतं! हे सगळं छातीठोकपणे सांगणाऱ्यांत पहिली होती जाईबाई, भागीरथीची धाकटी जाऊ.

जाईबाईला हसणं सोपं आहे हो. पण आदल्या वर्षी तिचा नवरा मारुती स्वतःच्या पायांनी चालत रुग्णवाहिकेत चढला होता आणि परत आला नव्हता. तेव्हापासून पांढऱ्या कपड्यातलं कुणी गल्लीत दिसलं की ती दार लावून घ्यायची. त्यात तिला दमा. दोघींच्या घरांत एकच भिंत, त्यामुळे तिच्या छातीची शिट्टी भागीरथीला ऐकू यायची. ही आजारात सापडली तर चार दिवस काढायची नाही, हे भागीरथीला पुरतं ठाऊक होतं. भांडायला, उसनं मीठ मागायला आणि कोळीवाड्याच्या हळदीत बरोबर नाचायला तिला एकच जाऊ होती, आणि ती तिला जिवंत हवी होती.

भागीरथी काही लशीची भक्त नव्हती. भीती तिलाही वाटत होती. पण भीती वाटली की तिला स्वतःचाच राग यायचा, आणि राग आला की ती चारचौघांत काहीतरी बोलून बसायची. तशीच ती गावदेवीच्या पारावर सगळ्या बायांसमोर बोलून बसली.

"मी पयली घेतंय. मेले तर कोनी नका घेव. जगले तर गपगुमान माझे मागं या. काय गो जाये?"

"तू घे तर," जाईबाई म्हणाली. "मंग बघू."

भागीरथी दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या लसीकरण केंद्रावर गेली. तिथे कुठल्याशा प्रतिष्ठानचा बिल्ला छातीला लावून दिपेश उभा होता. दिपेश पाड्यातलाच. लहानपणी भागीरथीच्या हातची खाडीतल्या निवट्यांची आमटी ओरपून वाढलेला. त्याने प्रेमाने आधारचा नंबर घेतला, नाव चढवलं आणि म्हणाला, "मावशी, आज डोस संपले, उद्या या." उद्या गेली तर परत उद्या. आणि आता हा मेसेज.

"गप रव," गुणाजीने शहाणपण सांगितलं. "उद्या बाजारात कोनी कागद मागला तर दाखवाला झाला. अंगात सुई गेली काय न नाय गेली काय, कोनाला दिसते?"

"मना दिसते," भागीरथी म्हणाली.

पण गुणाजीच्या पोटात काही राहील तर शपथ. तोवर ही बातमी भिंतीपलीकडे पोचलीही होती. जाईबाई पदर खोचत दारात आली आणि भागीरथीच्या तोंडाकडे टक लावून बघू लागली.

"घेतलास? दुखला काय गो?"

नुसती मान हलवायची होती. एवढ्यावर काम झालं असतं. जाईबाई उद्या केंद्रावर गेली असती आणि तिच्यामागून सगळी गल्ली. खोटं तर खोटं, चांगल्यासाठीच ना? भागीरथीच्या ओठांवर "हो" आलाही. पण जाईबाईच्या चेहऱ्यावर भाबडी आशा होती, आणि तिच्याकडे बघून भागीरथीला ते जमलं नाही.

"नाय घेतली," ती म्हणाली. "माझे नावावर दुसऱ्या कोनाला दिली."

जाईबाईचा चेहरा पडला. "बघ! मी बोललेली ना? सगले चोर. मी मरेन पन त्या दारात पाय नाय ठेवाची." आणि ती गेली. पलीकडे कडी लागल्याचा आवाज आला.

भागीरथीने तोंडावर पाणी मारलं, मास्क लावला आणि तडक शाळा गाठली. दिपेश पंख्याखाली सरबत पीत होता.

"माझी सुई कोनाला दिलास?"

दिपेशने आधी कानावर हात ठेवले. मग आवाज वाढला तसा तो तिला बाजूला घेऊन कुजबुजला, "मावशी, ओरडू नका ना. टॉवरमधला एक ओळखीचा होता. पंचेचाळीस पूर्ण नाही, त्याला नियमात मिळत नव्हती. हातापाया पडला. मला वाटलं, तुम्ही काय, उद्या घ्याल."

"मंग दे आता."

"आता कॉम्प्युटर घेणार नाही ना! तुमचं झालंय दाखवतो. सहा-आठ आठवड्यांनी दुसरा डोस घ्या, तोच पहिला समजा." आणि वर तोंड करून तो पुढे म्हणाला, "पाड्यात सांगून टाका ना घेतली म्हणून. तुमचं ऐकून बायका येतील. तुमचं पण काम, आमचं पण काम."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझे तोंडाकडं बघून बायका दंड पुढं करतील, न माझाच दंड कोरा? उद्या कोनाला ताप आयला, कोनी घाबरली, तर मी कनच्या तोंडानं सांगू का मनापन असाच झायलेला? अरे मेल्या, मी शिळी मासली ताजी सांगून कधी इकली नाय!"

सगळी रांग वळून बघू लागली. दिपेश तिथून सटकला. भागीरथी मात्र केंद्राच्या पायरीवर फतकल मारून बसली. सुई घेतल्याशिवाय उठायची नाही. राखणदार आला, तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो गेला. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "नाव नीट बघून घ्या हां. नायतर तुमची पन घरबसल्या टोचून होईल." काही हसले, काहींनी खरंच मोबाइल काढून बघितले. उन्हाने पायरी तापली, तहान लागली, कमरेचा काटा ढिला झाला, तरी बाई हलली नाही.

संध्याकाळी रांग संपली. आत नर्स देवयानी आवराआवर करत होती. दुपारभर पायरीवरची तोंडपाटीलकी तिने ऐकली होती. तिने एक छोटी कुपी उजेडात धरली आणि मदतनीसाला म्हणाली, "यात दोन उरलेत. कुणी आहे का बाहेर?"

"कोणी नाही, मॅडम."

"मग टाकायला लागेल. उघडलेली कुपी उद्याला चालत नाही."

भागीरथी ताडकन दारात. "कुठं टाकतेस?"

"मावशी, नियमच आहे."

"कचऱ्यात टाकाची ना? मंग माझे दंडात टाक."

देवयानी थांबली. "तुमच्या नावावर एक दाखवतंय. मला देता येत नाही. माझ्या नोकरीवर येईल."

"माझे नावाची दुसऱ्याला देता आयली तवा नियम कुठं झोपलेला?" भागीरथीचा आवाज आता चढला नाही, उलट खाली आला. "बाय, माझी एक जाव हाय. दमेकरी. मी घेतली तरच ती घेल. नुसता एवरा हाय. बाकी मना तुजा कागद नको, कायपन नको."

देवयानीने कुपीकडे बघितलं, मग दारातल्या घामाघूम बाईकडे. "तो पोरगा आत येतो, नावं सांगतो, आम्ही मान खाली घालून टोचतो," ती म्हणाली. "दिवसाला शेकडो. चेहरे बघायला फुरसत नसते. बसा. साहेबांना उद्या मीच सांगते, सगळं खरं खरं. काय व्हायचं ते होऊ दे."

आणि भागीरथीला लस टोचली गेली. तिने डोळे मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिला सणसणीत ताप भरला. अंग ठणकत होतं, दात वाजत होते, आणि बाई पांघरुणातही खूश! देवयानीने दिलेली गोळी गुणाजी पाण्याच्या तांब्यासकट घेऊन उभा, तर ही तोंड उघडेना.

"नाय घेवाची. आधी जाईला बोलव. मंग ताप उतरू दे."

"अगो, मरशील!"

"मेल्यावर ताप कसा दाखवू? जा, बोलव!"

जाईबाई आली, पण उंबऱ्यातच थांबली. तिच्यामागे गल्लीतल्या चारपाच बाया. भागीरथीने पांघरूण फेकलं. "ये. कपाल बघ. दंड बघ, कसा सुजलाय. काल खोटा बोलले नाय, आज पन नाय बोलत."

जाईबाईने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. "चुलीसारखी तापलीस गो," ती पुटपुटली. तिचे डोळे भरले. "गोली घे आधी."

भागीरथीने गोळी घेतली. दोन दिवसांनी ताप पुरता उतरला, ती उठून आंगणात कपडे वाळत घालू लागली, तेव्हा जाईबाई नवं लुगडं नेसून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. भागीरथी ओले कपडे तसेच टाकून तिच्याबरोबर निघाली. गल्लीतून एकेक बाई मागे येत गेली. शाळेच्या दाराशी बिल्लावाला दिपेश नव्हता. आत देवयानी होती, अजून तरी.

जाईबाई खुर्चीत बसली. पदर तिने स्वतःच बाजूला केला. देवयानीने सुई भरली आणि दंड धरला, तशी जाईबाईने तिचं मनगट घट्ट पकडलं.

"थांब. दाखव मना."

"काय दाखवू, मावशी?"

"ती सुई. भरलेली हाय का नाय ते बघू दे. माझे घोवाचा तोंड मना कोनी दाखवला नाय. सुई तरी दाखव."

देवयानीने सुई तिच्या डोळ्यांसमोर उजेडात धरली. जाईबाईने ती मनाचं समाधान होईपर्यंत बघितली, आणि मग मनगट सोडलं.