तब्येत बरी आसा

"काका, तब्येत कशी?" असं कोणीही विचारलं की बाबल काकांचं उत्तर ठरलेलं असायचं. "तब्येत बरी आसा. माझां विचारू नको."

नवा माणूस हसायचा. त्याला वाटायचं, म्हातारा गंमत करतोय. पण काका गंमत करत नसत. तब्येत म्हणजे गावाहून आलेली कोणी पाहुणी आहे, ती घरात बसली आहे आणि तिची खुशाली हे सांगतायत, अशा सुरात ते बोलायचे. मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी राहिले, तरी या उत्तराचं काय करायचं हे मला कळलेलं नव्हतं.

मुलुंडला आमची बैठी चाळ होती, तिची पुढे सात मजली इमारत झाली. चाळीत भिंतीला भिंत होती, इमारतीत दाराला दार आलं. काका मूळचे मालवणकडचे. नटबोल्टच्या कारखान्यात लेथ मशीनवर त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांच्या बरोबरीच्यांपैकी कोणाला ऐकू येईनासं झालं, कोणाला दम लागायचा, बहुतेकांच्या फोटोंना हार चढले. काका ऐंशीच्या पलीकडे गेले तरी चष्म्याशिवाय सुनेला सुई ओवून द्यायचे आणि लिफ्ट असताना जिन्याने गच्चीवर जायचे. "काय फिट आहात हो," असं कोणी म्हटलं, की मागून आणलेल्या छत्रीची तारीफ झाल्यासारखे अवघडायचे आणि विषय बदलायचे.

काका गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी नारळ ठेवून देवाला साकडं घालतात. एकजण मागतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. चाळीत मागणारा माणूस म्हणजे काका. कोणाची बारावी असो, बाळंतपण असो, नवी रिक्षा असो, काका टोपी घालून उभे राहणार. मी कॉलेजात निघाले तेव्हाही उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, आज आमचां चेडू कॉलेजात पयलो पाय ठेवता हा. तेच्या वाटेत काय काटोकुटो आसात तर दूर कर रे म्हाराजा." आणि सगळी चाळ, "व्हय म्हाराजा."

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि ती मी अभ्यास करून घेतली. हे मी काकांना तोंडावर सांगितलं होतं. पेढा देताना म्हटलं, "काका, यात तुमच्या नारळाचा काही संबंध नाही हां."

"तां खरां. पण परीक्षेच्या दिवशी तुझो ताप कोणी उतरवल्यान?"

"गोळीने उतरला."

"आनी गोळी खंयसून इली? माझ्या खिशातसून. खा आता पेढो."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण या कामाचा एक नियम होता आणि तो काका काटेकोर पाळायचे. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी काही मागायचं नाही.

इमारत झाली तेव्हा काकांनी गच्चीवर एक निळा ड्रम आडवा कापून ठेवला, त्यात माती भरली आणि भात पेरलं. गाव सुटलं होतं, जमीन भावकीत गेली होती, पण आश्विनातल्या पुनवेला दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधायच्या, म्हणजे 'नवं' बांधायचं, हे काही सुटलं नव्हतं. विकतच्या लोंब्या त्यांना चालत नसत. सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई दर वर्षी भांडायला यायचे.

"काका, गच्चीचं वॉटरप्रूफिंग खराब होईल. वाट लागेल माझी."

"होऊ दे खराब. मगे मी गाऱ्हाणां घालतंय."

पीक यायचं ते ओंजळभर. त्याच्या बारीक जुड्या करून आंब्याच्या पानात गुंडाळून काका इमारतभर फिरायचे. आपल्या दारावर एक बांधली, झालं, असं नव्हतं. पाण्याच्या पंपाला, लिफ्टच्या दाराला, शहाभाईंच्या स्कूटरला, आमच्या शिलाई मशीनला, सगळ्यांना नवं. "जां वर्सभर बिनतक्रार चललां, तेका आपण मान देवचो," असं म्हणायचे. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेलाही एकदा जुडी लटकवली होती. ऑफिसात सगळे विचारत होते, हे काय आहे. मी ऐटीत सांगितलं, आमचं नवं आहे.

गेल्या वर्षी सोसायटीत ज्येष्ठांसाठी तपासणी शिबिर झालं. काकांचं सगळं नॉर्मल निघालं. तरुण डॉक्टरीणबाईंनी दोनदा बीपी बघितलं, त्यांना मशीनवर संशय आला. शहाभाईंना भलताच आनंद झाला. त्यांनी ठरवून टाकलं की कोजागिरीच्या कार्यक्रमात बाबल काकांचा सत्कार करायचा, शाल, श्रीफळ आणि चार शब्द. चार शब्द काकांनी बोलायचे, देवाचे आभार मानायचे, आरोग्याचं रहस्य सांगायचं. बोर्डावर खडूने तसं लिहिलंसुद्धा.

त्या संध्याकाळी खाली दूध आटत होतं, खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि काकांचा पत्ता नव्हता. सून घाबरली. मला अंदाज होता, मी गच्चीवर गेले.

काका ड्रमाशी उकिडवे बसून विळ्याने भात कापत होते. मला बघून म्हणाले, "सांग तेंका, मी येवचंय नाय."

"का? एक शाल घ्यायला काय होतंय?"

"शाल घेतलंय तर आभार मानूक होये."

"मग माना. सगळं तर चांगलं चाललंय तुमचं."

त्यांनी कापलेल्या लोंब्या मांडीवर घेतल्या. "तुझी काकी आजारी होती तेवा तू खंय होतंस?"

मी तिथेच होते. काकींची किडनी गेली होती. दर सोमवारी काकांच्या घरी नारळ ठेवला जायचा, आम्ही सगळे उभे राहायचो. बायकोसाठी मागायला नियमाची आडकाठी नव्हती. तरी काकी गेल्या.

"काय मागलंय मी? आठवता?"

मला आठवत होतं. इतक्यांदा ऐकलं होतं की पाठ झालं होतं. तिका निरोगी काया दी, तिचे हातपाय शाबूत ठेय, ऐंशी वर्सां चलती-बोलती ऱ्हवांदे.

"मगे?" काका म्हणाले. "निरोगी काया दिल्यान. हातपाय शाबूत. ऐंशी वर्सां झाली. मागलंय तां सगळां गावलां. माणूस तेवडो चुकलो."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

"आता तूच सांग, तू शिकलेली आसस. आभार मानलंय, तर जां झालां तां माका पसंत आसा, असां होतां. नाय मानलंय, तर खावन-पिवन वर तोंड करून बसलंय, असां होतां. सकाळी उठतंय तर गुडघो दुखणा नाय. दुखलो असतो तर बरां वाटलां असतां."

"असं कुठे असतं का काका? देव काय कुरिअर चुकीच्या दारात टाकतो?"

"तां माका काय ठावक? तुका ठावक आसा?"

मला नव्हतं. मला आजही नाही. काकींचं जाणं आणि काकांचं ठणठणीत असणं, यांचा एकमेकांशी संबंध नाही हे मी चांगल्या मराठीत समजावून सांगू शकले असते. पण त्या माणसाने इतकी वर्षं ती तब्येत परक्याच्या ठेवीसारखी सांभाळली होती. सकाळचं चालणं, जिने, वेळेवर जेवण, सगळं त्यासाठी. मालक कधीतरी न्यायला येईल म्हणून वापरायचीसुद्धा जपून. त्यापुढे माझं मराठी काय करणार होतं?

"काका, तुमच्यासाठी कधी कोणी गाऱ्हाणं घातलंय?"

"माझ्यासाठी? कोण घालतलो? घालणारो मीच."

"टोपी द्या इकडे."

"बायकांनी घालूचां नसतां."

"मग घालणार नाही. नुसती हातात धरते."

त्यांनी खरंच टोपी काढून दिली. मी उभी राहिले. सुरुवात येत होती. "बा देवा म्हाराजा," म्हटलं आणि अडले. पुढचे सगळे शब्द मागण्याचे होते. दे, ठेव, दूर कर, सांभाळ. आभाराचा एकही शब्द मला त्या चालीत बसवता येईना. शेवटी जे तोंडात आलं ते म्हटलं.

"बा देवा म्हाराजा, या आमच्या बाबल काकांकडे एक तब्येत आली आहे. ती कोणाची होती ते आम्हाला माहीत नाही. तुला माहीत असेल तर असू दे. पण यांनी ती नीट ठेवली आहे. कुठे वाया घालवलेली नाही. एवढं तुझ्या कानावर घालते रे म्हाराजा."

दुजोरा द्यायला गच्चीवर कोणी नव्हतं. खाली शहाभाई माइक तपासत होते, हॅलो हॅलो. काकांनी मांडीवरच्या लोंब्या सारख्या केल्या. जन्मभर त्यांनी मागितलं होतं, दुसऱ्याच्या मागण्याला उत्तर कधी दिलं नव्हतं. आता कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मग मला विचारलं, "नेमकां काय मागलंस तू?"

"काही मागितलं नाही."

"मगे ह्यां काय झालां?"

"मलाही कळलं नाही काका."

सत्काराला ते आले नाहीतच. शहाभाईंनी शाल त्यांच्या सुनेकडे दिली. काकांनी दूध मात्र दोन पेले घेतलं.

त्याच आठवड्यात आम्ही डोंबिवलीला स्वतःच्या घरात राहायला गेलो. माझ्या नावावरचं घर, हे मी सगळ्यांना सांगते, तुम्हालाही सांगते. सामानाचा टेम्पो खाली उभा होता. काका उरलेली शेवटची जुडी घेऊन आले आणि टेम्पोच्या आरशाला बांधायला लागले. गाठ एका झटक्यात बसली. ड्रायव्हर बघत होता. म्हणाला, "चाचा, इस उमर में हाथ जरा भी नहीं कांपता. तबियत एकदम झकास, ना?"

"तब्येत बरी आसा," काका म्हणाले.

मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. काकांनी गाठ एकदा ओढून पाहिली, आंब्याचं पान सरळ केलं.

"मी पण."